आध्यात्मिक संघर्षाचे मापन आणि स्पॅनिश भाषा : एका मानसशास्त्रीय मापिकेच्या अनुकूलनाचा प्रश्न

प्रस्तावना

धर्मश्रद्धा संकटकाळी माणसाला आधार देते, हे विधान मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आता रूढ झाले आहे. मात्र याच श्रद्धेच्या क्षेत्रात माणूस व्यथितही होतो, याकडे संशोधकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. देवाने आपल्याला टाकले असे वाटणे, आजार ही आपल्या पापाची शिक्षा आहे असे वाटणे, धर्मबांधवांनीच दुखावणे, आजवर मानलेले खरे की खोटे या विचाराने झोप उडणे, या अनुभवांना धर्म-मानसशास्त्रात 'धार्मिक व आध्यात्मिक संघर्ष' अशी संज्ञा आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत 'धार्मिक वा आध्यात्मिक समस्या' अशी स्वतंत्र नोंद झाली. ती मनोविकार म्हणून नव्हे, तर उपचारकाने लक्ष द्यावे अशी बाब म्हणून झाली, हे येथे महत्त्वाचे आहे.

हा विषय केवळ तात्त्विक नाही, हे केनेथ पार्गमेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. शारीरिक व मानसिक स्वास्थ्यातील फरक विचारात घेऊनही, धार्मिक संघर्ष नोंदविणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. देवाने मला सोडून दिले का, या विधानाशी सुमारे २८ टक्के, देवाच्या प्रेमाविषयीच्या साशंकतेशी २२ टक्के आणि हे सैतानानेच घडविले या समजुतीशी १९ टक्के अधिक धोका निगडित होता. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीही रुग्णालयातील परिचारिकेने किंवा समुपदेशकाने असे प्रश्न विचारावेत की नाही, या चर्चेला त्यानंतर वेगळे वजन आले.

प्रश्न विचारायचे तर ते रुग्णाच्या भाषेत विचारावे लागतात. स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा असून सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतच हिस्पॅनिक लोकसंख्या ६ कोटींहून अधिक होती. इंग्रजीत घडलेली मापिका या लोकांपर्यंत नेताना नेमके काय घडते, कोठे बिघडते आणि ते कसे ओळखावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मापिकेचे स्वरूप

या क्षेत्रात आज सर्वाधिक वापरली जाणारी मापिका म्हणजे ज्युली एक्सलाइन, पार्गमेंट, ग्रब्ज व याली यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली 'रिलिजियस अँड स्पिरिच्युअल स्ट्रगल्स स्केल' होय. तीत २६ विधाने असून ती सहा उपमापिकांत विभागलेली आहेत. देवाशी संघर्ष (५ विधाने), सैतानी वा दुष्ट शक्तींशी संघर्ष (४), धर्मविषयक बाबींत इतर माणसांशी वा धर्मसंस्थेशी संघर्ष (५), नैतिक संघर्ष (४), जीवनाच्या अंतिम अर्थाविषयीचा संघर्ष (४) आणि श्रद्धेविषयीचा संशय (४) अशी ही विभागणी आहे. प्रयुक्ताने अलीकडील काळातील आपला अनुभव १ ते ५ या श्रेणीवर नोंदवावयाचा असतो. १ म्हणजे मुळीच नाही व ५ म्हणजे फार मोठ्या प्रमाणावर.

यापूर्वीची पार्गमेंट यांची १४ विधानांची संक्षिप्त धार्मिक सामना-मापिका संघर्षाला 'नकारात्मक सामना' या एकाच गटात टाकत असे. तिचे स्पॅनिश रूप २०११ मध्ये मार्टिनेझ व सूझा यांनी तपासून प्रसिद्ध केले. नव्या मापिकेने एकाच गटाऐवजी सहा दालने उघडली. मापनाच्या दृष्टीने ही प्रगती खरी, पण अनुकूलनाचे काम त्यामुळे सहापट नाजूक झाले. एका विधानाचा अर्थ किंचित सरकला तर ते दुसऱ्या दालनात जाऊन पडते.

भाषांतर आणि अनुकूलन

मानसशास्त्रीय कसोटीचे भाषांतर व अनुकूलन या दोन क्रिया एकच मानण्याची चूक अद्यापही होताना दिसते. भाषांतरात शब्दांना शब्द मिळतात. अनुकूलनात एका समाजातील अनुभवाला दुसऱ्या समाजातील अनुभव मिळावा लागतो. आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली. भाषांतराला हात घालण्यापूर्वीच, मोजावयाची संकल्पना लक्ष्य समाजात अस्तित्वात आहे काय, याचा विचार व्हावा, अशी अपेक्षा तीत आहे.

रूढ कार्यपद्धती अशी की दोन स्वतंत्र भाषांतरकार मूळ मापिका नव्या भाषेत आणतात. दोन्ही मसुद्यांचा मेळ घातला जातो. मूळ मापिका न पाहिलेले दुसरे भाषांतरकार तो मसुदा पुन्हा इंग्रजीत नेतात. तज्ज्ञ समिती सर्व रूपे शेजारी ठेवून तपासते. आणि शेवटी ३० ते ४० व्यक्तींवर पूर्वचाचणी होते. हा क्रम २००० मध्ये बीटन व सहकाऱ्यांनी ज्या रूपात मांडला, त्याच रूपात तो आज बहुतेक प्रबंधांत आढळतो.

यांतील उलट भाषांतर ही पायरी रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या अभ्यासामुळे प्रतिष्ठित झाली. ग्वाम विद्यापीठातील ९४ द्वैभाषिकांकडून दहा भाषांत त्यांनी भाषांतर व उलट भाषांतर करवून घेतले होते. पद्धत उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु तिच्यावर ठेवला जाणारा विश्वास तिच्या क्षमतेपेक्षा मोठा आहे, हे स्पॅनिशच्या उदाहरणावरून चांगले दिसते.

शब्दांची परीक्षा

देवावरील राग व्यक्त करणारे विधान घ्यावे. स्पॅनिशमध्ये रागासाठी मेक्सिको, पोर्तो रिको येथे 'कोराहे' हा शब्द सर्रास वापरला जातो. स्पेनमध्ये मात्र याच शब्दाचा प्रमुख अर्थ धैर्य असा आहे. आता भाषांतरकार मेक्सिकन व उलट भाषांतर करणाराही मेक्सिकन असेल, तर 'कोराहे' हा शब्द इंग्रजीत निर्दोषपणे 'राग' म्हणून परत येईल. समितीच्या कागदावर विधान शंभर टक्के उतरेल. आणि माद्रिदमधील वाचक मात्र ते वाचून गोंधळेल. 'एनोहो' हा शब्द लॅटिन अमेरिकेत स्वाभाविक वाटतो, स्पेनमध्ये दैनंदिन बोलण्यात 'एन्फादो' अधिक चालतो. म्हणजे उलट भाषांतराने भाषांतरकारांची परस्परसंमती सिद्ध होते, वाचकाचे आकलन नव्हे. भाषांतरकारांची निवड करताना त्यांचे देश भिन्न असावेत, हा साधा उपाय त्यामुळे पदव्यांपेक्षा मोलाचा ठरतो.

व्याकरणाचाही प्रश्न आहे. इंग्रजी विशेषणांना लिंग नाही, स्पॅनिश विशेषणांना आहे. मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. 'मी रागावलो' की 'रागावले' हे ठरविल्याशिवाय विधान लिहिता येत नाही. त्यावर उपाय म्हणून विशेषणाऐवजी नाम वापरून 'मला देवाविषयी राग वाटला' अशी रचना करता येते, किंवा कंसात दोन्ही रूपे द्यावी लागतात. काळाच्या रूपांचेही तसेच आहे. नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठी स्पेनमध्ये पूर्ण वर्तमानकाळ, तर लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत साधा भूतकाळ वापरण्याकडे कल असतो. सूचनांमध्ये प्रयुक्ताला 'उस्तेद' म्हणावे, 'तू' म्हणावे (उच्चार व अर्थ दोन्ही मराठीसारखेच), की अर्जेंटिनातल्याप्रमाणे 'वोस' म्हणावे, हाही निर्णय करावा लागतो. विधाने प्रथमपुरुषी असल्याने तेवढ्यापुरती या प्रश्नातून सुटका होते.

यापेक्षा खोल अडचण 'दूदा' या शब्दाची आहे. संशयाच्या उपमापिकेत हा शब्द टाळणे कठीण. पण स्पॅनिश विद्यार्थी वर्गात हात वर करून 'मला एक दूदा आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याला केवळ प्रश्न विचारायचा असतो. मराठी वर्गातील 'सर, एक शंका आहे' हे वाक्य याचे तंतोतंत प्रतिरूप होय. जो शब्द इतका निरुपद्रवी आहे, त्याच्या आधारे श्रद्धा हादरल्याची यातना मोजावयाची, तर 'त्रस्त करणाऱ्या', 'अस्वस्थ करणाऱ्या' अशी जोड द्यावी लागते. ही जोड विसरली गेली तर धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाणारा जिज्ञासू तरुणही संघर्षग्रस्त म्हणून मोजला जाईल.

'कुल्पा' या शब्दाची अडचण उलट दिशेची आहे. त्यात अपराधीपणाची भावना व प्रत्यक्ष दोष असे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. शिवाय कॅथलिक प्रार्थनासभेत म्हटल्या जाणाऱ्या पापकबुलीच्या प्रार्थनेत हाच शब्द तीनदा येतो आणि त्या वेळी छातीवर हात मारण्याची प्रथा आहे. नियमित प्रार्थनेला जाणाऱ्या व्यक्तीने नैतिक संघर्षाच्या विधानावर वरचा अंक नोंदविला, तर तो तिच्या मनातील क्लेश आहे की नम्रतेची शिकवण, हे केवळ अंकावरून सांगता येत नाही.

खुद्द 'संघर्ष' या नावाचे काय करावे? 'लूचा' हा शब्द चालतो. परंतु पेंटेकोस्टल व इव्हँजेलिकल मंडळ्यांत 'आध्यात्मिक युद्ध' ही कल्पना रूढ असून तिचा अर्थ सैतानाशी प्रार्थनेच्या बळावर केलेली लढाई असा होतो. अशा व्यक्तीला आध्यात्मिक संघर्ष हे श्रद्धेच्या जोमाचे लक्षण वाटेल, व्यथेचे नव्हे. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार अमेरिकेतील हिस्पॅनिक प्रौढांत कॅथलिकांचे प्रमाण २०१० मध्ये ६७ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४३ टक्क्यांवर आले. ३० टक्के प्रौढांनी आपण कोणत्याही धर्माशी संलग्न नसल्याचे सांगितले. तेव्हा 'स्पॅनिश भाषिक म्हणजे कॅथलिक' हे गृहीतक धरून शब्द निवडणे आता सोयीचे राहिलेले नाही. (मराठीतही 'संघर्ष' हा शब्द प्रथम मोर्चाची आठवण करून देतो, प्रार्थनेची नव्हे. मराठी अनुकूलन करू इच्छिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.)

अनुभवाची परीक्षा

शब्द जुळले तरी अनुभव जुळतोच असे नाही. धर्मसंस्थेविषयीचा राग हे मूळ मापिकेत आंतरव्यक्तिक संघर्षाचे एक चिन्ह आहे. ते अमेरिकेतील अनेक पंथांच्या पार्श्वभूमीवर लिहिले गेले. तेथे एका चर्चवर रागावलेला माणूस दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ शकतो. स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ चे यादवी युद्ध आणि त्यानंतर फ्रँकोच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, राज्यसत्ता व कॅथलिक चर्च यांची जी युती राहिली, तिच्यामुळे चर्चविरोध ही घराण्यातून आलेली राजकीय भूमिकाही असू शकते. आजोबांपासून चालत आलेल्या या रागाने कोणाची झोप मोडत नाही. याउलट चिलीमध्ये धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणी मे २०१८ मध्ये देशातील सर्व कार्यरत बिशपांनी पोपकडे राजीनामे देऊ केले. तेथील श्रद्धावंताचा राग हा विश्वासघाताचा, म्हणजे मापिकेला अभिप्रेत असलेला राग आहे. विधान एकच, भाषा एकच, पण मोजले जाणारे मात्र भिन्न.

देवाशी भांडण हा प्रकार तर आणखी गुंतागुंतीचा आहे. मेक्सिको व अन्य स्पॅनिश भाषिक प्रदेशांत विवाह जमावा म्हणून संत अँथनीची मूर्ती उलटी टांगण्याची लोकरीत आहे. मागणे पूर्ण होईपर्यंत संताला तसेच ठेवले जाते. यात रुसवा आहे, धाक आहे, पण दुरावा नाही. जनाबाईंच्या नावावरील अभंगांत विठ्ठलाला दिलेल्या शिव्या परिचित असलेल्या मराठी अध्यापकाला हे लगेच उमगेल. राग हा नाते तुटल्याचा पुरावा की नात्याच्या जवळिकीचा, हे मापिकेचे विधान विचारत नाही. दुसरीकडे, देवावर रागावणे हेच पाप अशी शिकवण मिळालेली व्यक्ती मनात काहीही असले तरी १ या अंकाभोवती खूण करून मोकळी होते. त्यामुळे देवाशी संघर्षाच्या उपमापिकेवरील गुण तळाशी साचतात आणि ज्यांना मदतीची गरज आहे तेच नजरेआड राहण्याचा धोका उद्भवतो.

स्पॅनिश परंपरेत या व्यथेला स्वतःची भाषा नाही, असे मुळीच नाही. सोळाव्या शतकातील संत हुआन दे ला क्रूस यांची 'काळी रात्र' ही कल्पना ईश्वराच्या अनुपस्थितीचा अनुभव हा साधनेतील टप्पा मानते. मिगेल दे उनामुनो यांनी विसाव्या शतकात 'आगोनिया' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ, म्हणजे झुंज, पुन्हा पुढे आणला आणि संशयाशी झुंजणे हेच जिवंत श्रद्धेचे लक्षण मानले; श्रद्धा हरवूनही गावासाठी धर्मकार्य करीत राहणारा त्यांचा सान मान्युएल हा धर्मगुरू (१९३१) याच झुंजीचे रूप आहे. अनुकूलन करणाऱ्याने केवळ इंग्रजी विधानांकडे पाहिले, तर हा ठेवा बाहेरच राहतो. मूळ २६ विधाने जशीच्या तशी ठेवून तुलनाक्षमता जपावी की स्थानिक अनुभवावर आधारित दोन-चार विधाने जोडावीत, याबाबत मतभेद आहेत. मूळ विधाने अबाधित ठेवून स्थानिक विधाने स्वतंत्र परिशिष्टात घ्यावीत, हा मार्ग अधिक इष्ट वाटतो. कारण त्यामुळे दोन्ही हेतूंची हानी होत नाही.

आकडेवारी काय सांगते, काय सांगत नाही

अनेक अनुकूलन-अभ्यास विश्वसनीयतेच्या गुणांकापाशी थांबतात. क्रोनबाख यांचा अल्फा ०.८० च्या वर आला की मापिका 'प्रमाणित' झाली, असे मानण्याची सवय जडली आहे. अल्फा एवढेच सांगतो की विधाने परस्परांशी मेळ खातात. सैतानविषयक चारही विधाने प्रयुक्तांनी एकाच चुकीच्या अर्थाने घेतली, तरी अल्फा उत्तमच येईल.

पुढील पायरी निश्चयात्मक घटक विश्लेषणाची. सहा घटकांची रचना नव्या आधारसामग्रीतही टिकते काय, हे त्यातून तपासले जाते. सुसंगतीचे निर्देशांक (सीएफआय ०.९५ च्या आसपास वा अधिक, आरएमएसईए ०.०६ च्या आसपास वा कमी, हे हू व बेंटलर यांचे १९९९ चे निकष) समाधानकारक असावे लागतात. प्रतिसाद पाच पायऱ्यांचे व तळाकडे झुकलेले असल्याने क्रमवार आधारसामग्रीसाठीच्या आकलन पद्धती वापरणे योग्य. 'कोराहे'चा अर्थ बहुतेकांनी धैर्य असा घेतला, तर ते विधान आपल्या घटकाशी जुळणार नाही आणि दोष येथे पकडला जाईल.

'दूदा'चा दोष मात्र येथे सापडत नाही, आणि म्हणून मापन-समरूपतेची कसोटी आवश्यक ठरते. समजा, दोन वजनकाटे आहेत. दोन्हींवर जड वस्तू जड व हलकी वस्तू हलकीच दिसते, पण एक शून्यापासून सुरू होतो व दुसरा दोन किलोपासून. प्रत्येक काटा आपल्या जागी सुसंगत आहे. चूक होते ती दोघांची वजने शेजारी मांडल्यावर. सौम्य शब्दामुळे विधानाला सहज होकार मिळत असेल, तर घटकरचना तीच राहते, भारही तेच राहतात, फक्त आरंभबिंदू वर सरकतो. त्यासाठी प्रथम रचनेची, मग घटकभारांची आणि शेवटी आरंभबिंदूंची समानता क्रमाने तपासतात. पुढच्या पायरीवर सीएफआय ०.०१ पेक्षा अधिक घसरू नये, हा च्युंग व रेन्सव्होल्ड यांचा २००२ चा निकष सामान्यतः पाळला जातो. शेवटची पायरी पार न करता 'स्पॅनिश भाषिकांत धार्मिक संशय अधिक आढळतो' असे लिहिणे म्हणजे काट्याची चूक माणसाच्या माथी मारणे होय. बोगोटा व माद्रिद यांचे नमुने 'स्पॅनिश भाषिक' या एका नावाखाली एकत्र करण्यापूर्वीही हीच कसोटी लावावी लागते, ही बाब अनेकदा निसटते.

संख्याशास्त्राच्या आधी व नंतर उपयोगी पडते ती बोधात्मक मुलाखत. प्रयुक्ताने विधान मोठ्याने वाचावे, त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगावा व अंक का निवडला ते बोलून दाखवावे, अशी ही पद्धत. ती वेळखाऊ आहे, तिच्यातून तक्ते निघत नाहीत आणि बहुधा म्हणूनच ती पूर्वचाचणीच्या एका वाक्यात उरकली जाते. वर चर्चिलेले जवळजवळ सर्व दोष अशा दहा-पंधरा मुलाखतींत उघड होऊ शकतात.

उपचारकक्षातील वापर

मापिका संशोधनाबाहेर पडून रुग्णालयात येते, तेव्हा सैतानविषयक उपमापिका सर्वाधिक जपून वापरावी लागते. कॅरिबियन प्रदेशातील एस्पिरितिस्मो व सांतेरिया या परंपरांत मृतात्मे व अदृश्य शक्ती यांच्याशी संपर्क हा उपासनेचा भाग आहे आणि तेथे आत्मे केवळ दुष्ट नसतात. अशा पार्श्वभूमीच्या स्त्रीने दुष्ट आत्म्यांचा त्रास होतो या विधानावर ४ किंवा ५ नोंदविले, तर इंग्रजीभाषी उपचारकाला तो मनोविकृतीचा संशय वाटू शकतो. तिच्या वस्तीत मात्र ती तक्रार डोकेदुखीइतकीच बोलून दाखविण्याजोगी असेल. उलट, तिने देवाविषयीच्या पाचही विधानांवर १ नोंदविला असेल, तर ती निश्चिंत आहे, असा निष्कर्ष काढण्याचीही घाई होते. मूळ मापिका निदानासाठी नव्हे, तर अनुभवाची तीव्रता नोंदविण्यासाठी रचलेली आहे. म्हणून स्पॅनिश रूपासोबत दिल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेत प्रत्येक उपमापिकेनंतर उपचारकाने रुग्णाच्याच भाषेत विचारावयाचा एक खुला प्रश्न छापलेला असणे उपयुक्त ठरेल; आणि तो प्रश्न विचारण्यासाठी रुग्णाच्या मुलाला वा मुलीला दुभाषी म्हणून बसवू नये, ही सूचना त्याच पानावर असावी. आईने देवावरचा राग मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगावा, अशी अपेक्षा कोणत्याही भाषेत करता येत नाही.